अण्णांच्या गाडीखालची मांजरं

"अण्णा, ही डिकी आत्ता उघडा. आत मासे निघतात की नाही बघू. लावता पैज?" मी भर आळीत विचारलं. पाध्येअण्णा कांदासुद्धा न खाणारे. पण त्यांनी वडलांची जुनी फियाट दुरुस्त करून रस्त्यावर आणली, तेव्हापासून रोज सकाळी आळीतली सगळी मांजरं तिच्याखाली बसायची. वर कालच मासेवाल्या गोदूबाईने मागच्या दाराने त्यांना झाकलेला डबा देताना मी पाहिलेलं. "लावली!" अण्णा तापले. "मासे निघाले तर मी पिशवी घेऊन मच्छी मार्केटात उभा राहतो. नाही निघाले तर मी सांगेन ते तू इथंच करायचं, रघ्या." त्यांनी डिकी उघडली. आत नुसती स्टेपनी आणि जॅक. पाटी टेकवून उभी असलेली गोदूबाई हसायलाच लागली. "मेल्या, होडीच्या बुडाला लावतो ते माशाचं तेल देत असते मी त्यांना, गाडीला खालून लावायला. खाऱ्या वाऱ्यात जुना पत्रा होडीसारखाच सांभाळायचा असतो." अण्णांनी तोच डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला. सगळी आळी बघत असताना मी गाडीखाली शिरलो. पत्र्याला तेल कमी, माझ्या मिशीला जास्त. एक बोका गळ्याशी येऊन मिशी चाटायला लागला, तशा लोकांनी टाळ्या पिटल्या. काम बघायला अण्णा खाली वाकले, खोल श्वास घेतला आणि हळूच म्हणाले, "वास तसा वाईट नाही रे." मी बोक्याला बाजूला सारलं. "अण्णा, दुसरी पैज लावता?"