दाराबाहेरचं फूल

फुलवाली ट्रे सांभाळत जिना चढत होती. चहाच्या कपाशेजारी आजचं फूल होतं. बेचक्याच्या काटकीला टेकलेली पिवळी शेवंती, बुडाशी गुंडाळलेलं रुंद पान, ते उलगडू नये म्हणून खोचलेला देठाचा तुकडा. तार नाही, दोरा नाही.

या घरची सून रोज सकाळी असंच काहीतरी करायची. ट्रे सासूच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवायची, टकटक करायची आणि खाली निघून यायची. सासूसुनेचा अबोला इतका जुना, की तो कशावरून झाला हे सासूच्या मुलालाही आठवत नव्हतं. फूल मात्र कधी चुकलं नाही.

सून दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. सासूचं काळीज दुबळं, धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सगळं बाहेरच्या बाहेर उरकून मुलगा, सून जिथून फुलं न्यायची, त्या दुकानात आला.

"तिच्यासारखंच करून द्या. आईला कळता कामा नये."

त्याच्या तोंडाकडे बघून फुलवालीला नाही म्हणवेना.

तेव्हापासून ती सकाळी सुनेच्या ओट्याशी, सुनेच्याच कात्रीनं काम करी. सुनेनं जमवलेल्या साली, काटक्या, गोटे खिडकीत तसेच होते. पाठीशी कुणीतरी उभं आहे, असं सारखं वाटायचं. आधी प्रत्येक पान विचार करून वळवावं लागे. आता हात आपोआप चालत, आणि त्या हातांचीच तिला धास्ती वाटू लागली होती. काल काम करता करता तिनं मनगटानं केस मागे सारले. मुलगा दारात थबकला.

"असंच करायची ती," तो पुटपुटला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजचं फूल शेवटचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

तिनं ट्रे स्टुलावर ठेवला, टकटक केली आणि पाठ फिरवली. मागे कडी वाजली. दार उघडलं.

"थांब गं," भिंतीला धरून उभी असलेली सासू हळूच म्हणाली. "फुलांच्या दुकानातली ना तू?"

फुलवालीच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नकोस. पहिल्याच दिवशी कळलं मला. ती डावखुरी होती. तिची काटकी दुसऱ्या अंगाला कलायची."

"मग आजी, तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? संध्याकाळी तो इथं येऊन बसतो. आज तिनं काय केलं, कशावरून हसली, सगळं रंगवून सांगतो. खाली तिला 'होती' म्हणावं लागतं त्याला. इथं 'आहे' म्हणता येतं. तेवढंही काढून घेऊ?"

सासूनं वाकून शेवंतीला बोट लावलं.

"फार सुंदर करायची गं. एकदाही म्हटलं नाही मी तिला." तिनं ट्रे उचलला. "उद्या येशील ना?"

फुलवालीनं मान डोलावली.

खाली मुलगा जिन्याशी उभा होता. दार उघडल्याचा आवाज त्यानं ऐकला होता. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आईनं पाहिलं तुम्हाला?"

"नाही. मी जिन्याच्या वळणावर होते. त्यांना वाटलं, सूनबाईच." फुलवाली क्षणभर अडखळली. "फूल फार सुंदर झालंय, म्हणाल्या."

त्यानं कठडा घट्ट धरला. डोळे भरून आले. मग, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, तो हसला. स्वयंपाकघराकडे, सुनेच्या रिकाम्या ओट्याकडे वळला.

"सांगतो तिला," तो म्हणाला.