‘वुई’मध्ये कोण कोण

“वुई आर गोइंग टु द रिव्हर ऑन संडे,” शिंपिणीनं उभं राहून वाचलं. दुकान बंद करून ती तशीच वर्गाला यायची. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. “वुई विल ईट अंडर द बिग ट्री. वुई विल कम होम इन द ईव्हनिंग.”

तिन्ही वाक्यं बरोबर होती. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला ‘वुई’ तिनं तिन्हींत नीट बसवला होता. शाबास म्हणायचं आणि पुढच्या बाकाकडे वळायचं, एवढंच काम उरलं होतं.

पण बाईंच्या मनानं ती वाक्यं मराठीत कधी करून टाकली, ते त्यांनाही कळलं नाही. आपण रविवारी नदीवर जाणार आहोत. आपण मोठ्या झाडाखाली जेवणार आहोत. इंग्रजी शिकवायला म्हणून या परक्या शहरात येऊन त्यांना सात महिने झाले होते. सोमवार ते शनिवार कसे निघून जात ते समजत नसे. रविवार मात्र संपता संपत नसे. कपडे धुऊन, वाळवून, घड्या करून झाल्या तरी तो तसाच उरायचा.

“किती वाजता जमायचं?” बाईंनी इंग्रजीत विचारलं. “आणि मी काय घेऊन येऊ?”

शिंपीण वहीत बघत राहिली, उत्तर तिथंच कुठंतरी लिहिलेलं असल्यासारखी.

“टीचर, वुई म्हणजे… माझा नवरा, माझी बहीण, तिची मुलं.” ती थांबली. “सॉरी.”

“सॉरी कशाला? वाक्य अगदी बरोबर आहे,” बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. फळ्यावर करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी ‘वुई’ पुसला आणि पुन्हा तिथंच लिहिला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दुसऱ्याला मारलेल्या हाकेला आपण ओ द्यावी, तसं झालं होतं.

पाठमोरं तरी किती वेळ राहणार? त्या वळल्या.

“चूक माझी झाली. माझ्या भाषेत ‘वुई’ला दोन शब्द आहेत. एक ‘आम्ही’. त्यात ऐकणारा नसतो. दुसरा ‘आपण’. त्यात ऐकणाराही असतो. मी इंग्रजी ऐकलं आणि…” वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. अर्धी वाक्यं चालणार नाहीत, हा नियम त्यांचाच होता. पण कुणी आठवण करून दिली नाही.

“आमच्याकडेही दोन आहेत,” मागच्या बाकावरचे आजोबा म्हणाले. चाळीस वर्षं बस चालवून ते आता इंग्रजी शिकत होते. “कपाट हलवायचं असलं की माझी बायको तुमचा दुसरा शब्द वापरते. माहेरी निघाली की पहिला.”

सगळे हसले. त्यांच्या शेजारी बसणारी नर्स तेवढी हसली नाही. तिच्याकडे नेहमी प्रश्नच असायचे. “मग इंग्रजीत कळायचं कसं, माणूस आत आहे की बाहेर?”

“कळत नाही. विचारावं लागतं.”

“आणि विचारलं की असं होतं,” आजोबा म्हणाले. नर्सनं त्यांना कोपरानं ढोसलं. बाईही हसल्या, जरा उशिरानं.

त्यांनी सगळ्यांना पाच नवी वाक्यं लिहायला दिली. शिंपीण मात्र फोन घेऊन बाहेर गेली. दाराच्या काचेतून ती दिसत होती. आवाज आत येत होता, शब्द कळत नव्हते. तिनं एकदा कपाळावर हात मारून घेतला. एकदा बोटांवर काहीतरी मोजलं. मग कुणाला तरी चांगलंच झापलं. झाल्या प्रकाराची गंमत घरी सांगत असेल, बाईंना वाटलं. त्या बाकांमधून फिरत राहिल्या, स्पेलिंगं सुधारत राहिल्या. काचेकडे मात्र पुन्हा बघितलं नाही.

शिंपीण आत आली, बसली, खोडरबर जोरजोरात घासलं आणि हात वर केला. “टीचर, तपासा.”

बाई वाकल्या. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘वुई अँड यू आर गोइंग टु द रिव्हर ऑन संडे.’

“बहीण म्हणत होती, गाडीत जागा नाही,” शिंपीण म्हणाली. “म्हटलं, दोन पोरं मांडीवर घे. दहा वाजता, शाळेच्या फाटकाशी.”

“अहो, माझ्यासाठी कशाला उगाच…”

“आधी वाक्य बघा, टीचर.”

बाईंनी वाक्य बघितलं. लाल पेन ‘अँड यू’वर येऊन थांबला.

“इथं नुसतं ‘वुई’ पुरे. हे दोन शब्द जास्तीचे आहेत.”

“चुकलं का?”

“चुकलं नाही. जास्तीचं आहे.”

“मग असू द्या.” शिंपिणीनं वही आपल्याकडे ओढली. “कापड बेततानाही आम्ही शिवणीपाशी बोटभर जास्तीचं सोडतो. पुढे तंग झालं तर उसवून सैल करता येतं. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

बाईंना इंग्रजी शब्द आठवेना. घरचा तेवढा आठवला.

“माया,” त्या म्हणाल्या.

शिंपिणीला तो इंग्रजीच वाटला. तिनं पेन्सिल उचलली.

“स्पेलिंग सांगा.”