रविवारची आच

भट्टीच्या आतल्या विटांना पुन्हा तडे गेले. मॅनेजरबाई टॉर्च मारून बघत म्हणाल्या, "नुसत्या उष्णतेला ही वीट दाद देत नाही. पण रविवारी भट्टी गार पडते आणि सोमवारी आपण ती एकदम भडकवतो, तिथे वीट फुटते. सुट्टीलाही मंद आच ठेवायला हवी. पण बसणार कोण?"

"मी बसतो," मिस्त्री म्हणाले. "बायको वारल्यापासून रविवारी घर खायला उठतं."

तडे थांबले. पुढे एका रविवारी मिस्त्री आले, तर कँटीनवाल्या बाई भट्टीजवळ बसलेल्या.

"आज कँटीन बंद ना?"

"बंदच आहे," म्हणत त्यांनी शेजारची खुर्ची पुसून दिली. "बसा. चहा दोघांपुरता आणलाय आणि मला काही घाई नाही."