रिकामा पाट

"गुडघा ठणठणीत आहे," एक्स-रे खाली ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, जरा मांडी घालून बसा बघू."

अच्युतरावांनी डावा पाय दुमडायला घेतला, तो अर्ध्यातच अडला. बाईंनी पाय हलकेच आत वळवताच ते कळवळले. मग खुब्याचा फोटो काढला. खुब्याचं गोल हाड एका बाजूने चपटं झालं होतं.

"दुखणं खुब्याचं, कळ गुडघ्यात. तुम्ही तेल भलतीकडेच चोळत बसलात. मांडी घालणं कधीपासून बंद झालं?"

"तसं काही नाही," ते पुटपुटले.

"गेल्या चैत्रापासून," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी कुमुदताई एकदम म्हणाल्या.

तेव्हापासून कुठल्याही लग्नामुंजीत हा माणूस पंगतीला बसला नव्हता. कमरेला उपरणं बांधून वाढत राहायचा. लोक कौतुक करायचे. शेजारचा पाट रिकामा ठेवून जेवलेल्या कुमुदताई मात्र घरी आल्यावर करवादायच्या, "मिरवायची हौस मेली!"

पुढच्याच आठवड्यात पुतण्याची मुंज होती. अच्युतरावांनी सवयीने भाताची परात उचलली. कुमुदताईंनी ती काढून घेतली, आपल्याशेजारचा पाट उचलला आणि भर पंगतीत तिथे खुर्ची मांडली.

"वाढायला पुष्कळ आहेत. तुम्ही बसा."