एक खाट, एक ताट, एक चमचा

पाद्री क्लोस यांनी कुलपात किल्ली घातली आणि ते थबकले. आतून हसण्याचा आवाज येत होता.

"रडताहेत वाटतं," मागून आग्नेथाबाई म्हणाल्या. मुलाच्या काडीमोडाचा निकाल ऐकायला त्या बुरुजाच्या सगळ्या पायऱ्या चढून आल्या होत्या. वाटेत दम खायला थांबल्या नव्हत्या. बोलायच्याही थांबल्या नव्हत्या.

दार उघडलं. आत एक अरुंद खाट, एक ताट आणि एक चमचा. आमच्या सॅक्सन जर्मनांच्या गावात नवरा-बायकोला वेगळं व्हायचं असलं, तर आधी त्यांना चर्चभोवतीच्या तटाच्या बुरुजातल्या या खोलीत पंधरवडाभर कोंडतात. मग विचारतात. इथून आजवर एकच जोडपं फारकत घेऊन बाहेर पडलं, आणि त्यांनीही पायऱ्या उतरता उतरता पुन्हा लग्नाची तारीख काढली.

सिमोन खाटेवर मांडी घालून बसला होता. रेगिना त्याला कोबीचं सार भरवत होती. पाद्रीबाबांना बघताच तिने त्याच्या तोंडातला चमचा ओढून घेतला.

"याचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला!"

"मलाही हिचं!" सिमोन म्हणाला. हनुवटीवरून सार ओघळत होतं.

"म्हणजे काडीमोड?" पाद्रीबाबांचा चेहरा पडला.

"छे छे!" दोघं एकदम ओरडली.

"मग समेट?"

"तोही नाही," रेगिना घाईने म्हणाली. "पुष्कळ भांडायचं राहिलंय अजून. आणखी एक पंधरवडा ठेवा ना, पाद्रीबाबा."

"पुरे झाली थेरं!" आग्नेथाबाई पुढे झाल्या. "चला घरी. कोबी खारात घालायचाय, डुकरं बोंबलताहेत. आणि हो, तुमच्या-आमच्या खाटांमधला पडदा मी काढून टाकलाय. त्याच्यापायी रात्री तुम्ही काय कुजबुजता ते धड ऐकूच यायचं नाही."

रेगिनाने चमचा ताटात ठेवला. तिच्या डोळ्यांत आता खरंच पाणी आलं होतं.

"त्या घरात मी परत जायची नाही," ती हळूच म्हणाली. "मग काडीमोडच द्या."

सिमोनने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि नेहमीसारखं जमिनीकडे पाहिलं.

पाद्रीबाबांनी टक्कल खाजवलं.

"आग्नेथाबाई, तुमचे यजमान कुठे आहेत?"

"खाली बैलगाडीत बसलेत. जातील कुठे?"

"तुमच्याशी शेवटचं काय बोलले ते?"

आग्नेथाबाई आयुष्यात पहिल्यांदा अडखळल्या. बराच वेळ आठवत राहिल्या.

"'हो' म्हणाले."

"कधी?"

"लग्नात. वेदीपुढे."

"अरे देवा!" पाद्रीबाबा म्हणाले. "प्रकरण इतकं चिघळलेलं, आणि मला कोणी सांगितलं नाही!"

त्यांनी खिडकीतून हाक मारली. म्हातारा गेओर्ग टोपी हातात धरून वर आला. त्याने खाट पाहिली, ताट पाहिलं, चमचा पाहिला. मग खाटेच्या कडेला बसून शांतपणे बूट काढायला लागला. तेवढ्यात सिमोन आणि रेगिना एकमेकांचा हात धरून कधी दाराबाहेर सटकली, कळलंही नाही.

"अहो, पण आमचं भांडण कुठे झालंय?" आग्नेथाबाई किंचाळल्या.

"तेच म्हणतो मी," पाद्रीबाबा म्हणाले. "एवढ्या संसारात एकदाही नाही? लक्षण बरं नव्हे." आणि त्यांनी बाहेरून कुलूप लावलं.

सुरुवातीला खालच्या बाजारात फक्त आग्नेथाबाईंचाच आवाज यायचा. अंडी विकणाऱ्या बायांनी ओरडणं सोडून हातवाऱ्यांवर भागवलं. पुढे बाईंचा घसा बसला. आणि मग एके सकाळी वरून एक जाड, खर्जातला आवाज यायला लागला. अख्ख्या बाजाराने माना वर केल्या. तो आवाज गावात कोणाच्याच ओळखीचा नव्हता.

"कोण बोलतंय गं?" कांदे निवडता निवडता सिमोनने विचारलं.

"अहो, बाबा तुमचे," रेगिना म्हणाली.

सिमोनने डोक्यावरची टोपी काढली.

मुदत संपली तसे पाद्रीबाबा पायऱ्या चढून गेले आणि बऱ्याच वेळाने एकटेच खाली आले. लोकांनी त्यांना घेरलं. "काय झालं? समेट की काडीमोड?"

"एवढ्यात काय सांगू?" पाद्रीबाबा म्हणाले. "गेओर्ग सगळं पहिल्यापासून सांगतोय. अजून लग्नाच्या जेवणापर्यंतच आलाय. मध्येच तोडणं बरं दिसेना."

वरच्या खिडकीतून आग्नेथाबाईंचा बसलेला आवाज आला, "मग? पुढे?"