डाव्या डोळ्याचा दाब

भार्गवरावांची बायको कुमुद वारली त्या सकाळीही त्यांच्या फोनवर आकडा आला : डावा डोळा, दाब चौदा. तिच्या त्या डोळ्याचं मोतीबिंदू आणि काचबिंदूचं ऑपरेशन एकदमच झालं, तेव्हा आत बसवलेलं भिंग सहा वर्षं रोज दाब कळवत होतं. चहाच्या वेळी ते तिला आकडा वाचून दाखवत.

"साखर विसरलात तरी चालेल, हे विसरू नका," ती म्हणायची.

आता नुसतं बुबुळ नाही, अख्खा डोळाच बसवता येतो; तिच्या इच्छेप्रमाणे तो भिंगासकट त्याच दिवशी एका विणकर बाईंना बसवला. आकडे मात्र भार्गवरावांकडेच येत राहिले.

"काका, नंबर बदलायचा फॉर्म पाठवा. दाब त्यांच्या घरी कळायला हवा," रुग्णालयातली परिचारिका फोनवर म्हणाली.

"पाठवतो," ते म्हणाले, पण पाठवला नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी आकडा आला एकतीस. त्यांनी लगेच रुग्णालयात फोन लावला. "त्या बाईंना आत्ताच्या आत्ता थेंब घालायला सांगा."

तासाभरानं परिचारिकेचा फोन आला. "डोळा वाचला. पण काका, तुमचं लक्ष नसतं तर?"



संध्याकाळी आकडा सोळावर उतरला. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मग फॉर्म भरायला घेतला. सगळा भरून झाला आहे. सही तेवढी राहिली आहे.