लाल दिव्याची खोली

तिसऱ्यांदा नळ्यांची अदलाबदल झाली तेव्हा वेंडेलची खात्रीच पटली. हे काम ब्रिजिटचंच.

सॅस्काटूनच्या त्या प्रयोगशाळेत दोघं मिळून माणसाच्या डोळ्यातलं एक प्रथिन बनवत. पेशीच्या कडेला बसून क्षारांची ये-जा सांभाळणारं. ते धड असेल तरच माणसाला अंधुक उजेडात दिसतं. त्याला चमकता रंग लावलेला असे. साध्या उजेडात तो रंग विटतो, म्हणून सगळं काम बंद खोलीत, एका लाल दिव्याखाली चाले.

पुढच्या वर्षी जागा एकच राहणार होती. वेंडेल जुना, ब्रिजिट कालची पोर. तिच्या डोळ्यांत तो खुपणारच.

आधी तिने दिवा बदलला. पहिल्यासारखा उजेडच पडेना. मग स्टूल वाटेत सोडायला लागली. वेंडेलच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. वर पुन्हा तोंड गोड.

"लाल खोलीतलं मी करू का?" ती विचारायची. "तू बाहेरचं बघ."

"का? माझे हात झडलेत?"

"तसं नाही रे. संध्याकाळी गाडीने सोडू का तुला?"

"गाडी आहे मला."

"आहे रे, पण..."

म्हणजे शेजाऱ्याने भलत्या जागी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपावर त्याची गाडी आदळली, तेही हिच्या कानावर गेलं होतं. पाळत ठेवते की काय बया! वेंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी त्याने प्रमुखबाईंना, इव्हॉनला, थेट लाल खोलीतच बोलावलं. ब्रिजिटही मागोमाग आली. दार लागलं. वेंडेलने मांडणीवरची नळी उचलली आणि समोर धरली.

"हे बघ इव्हॉन, माझं प्रथिन. असल्या काळोखात कोण काम करेल? दिवा हिने बदललाय. मला हाकलायला टपलीय ही!"

वेंडेल नळी घेऊन आणखी पुढे सरकला.

"अगं, बोल ना! तुला तरी काही दिसतंय का इथे?"

"त्या नळीवर 'नुसतं पाणी' लिहिलंय, वेंडेल. अक्षर तुझंच आहे," दारापाशी उभी असलेली इव्हॉन हळूच म्हणाली. "आणि तू ज्याच्याशी बोलतोयस तो खुंटीवरचा कोट आहे. मी इकडे आहे."